एक रिव्हॉल्व्हर, दोन सिलिंडर

अमेरिकेतल्या रुगर कंपनीचं ‘सिंगल-सिक्स कन्व्हर्टिबल’ हे रिव्हॉल्व्हर खोक्यातून बाहेर काढलं की त्याच्यासोबत एक जादा सिलिंडर निघतो. बंदुकीत बसवलेला सिलिंडर ‘.२२ लाँग रायफल’ या काडतुसाचा, सुटा असतो तो ‘.२२ मॅग्नम’चा. नळी एकच, चाप एकच, घोडाही एकच. दोन्ही काडतुसांच्या नावात बावीस आहे. दोघांच्या शिशाच्या गोळ्या शेजारी ठेवल्या तर जाडीतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तरीही एका काडतुसावरून दुसऱ्यावर जायचं तर सहा भोकांचा तो पोलादी दंडगोल काढून दुसरा बसवावाच लागतो.

मॅग्नम जास्त ताकदीचं, म्हणून त्याला जास्त मजबूत सिलिंडर लागत असेल, असं उत्तर पटकन सुचतं. ते बरोबर नाही. दोन्ही सिलिंडर बाहेरून एकाच मापाचे असतात आणि अमेरिकी उद्योगाने ठरवून दिलेली कमाल दाबाची मर्यादा दोन्ही काडतुसांना सारखीच आहे. खरं कारण शोधायला दीडशेहून जास्त वर्षं मागे जावं लागतं. गोळी काडतुसाच्या पुंगळीत नेमकी कशी बसवायची, या प्रश्नाला वेगवेगळ्या काळातल्या कारागिरांनी वेगवेगळी उत्तरं दिली. ती सगळी उत्तरं बाजारात एकाच वेळी टिकून राहिली, आणि त्यातून हा दुसरा सिलिंडर आला.

सॅम्युअल कोल्टला रिव्हॉल्व्हरचं अमेरिकी पेटंट २५ फेब्रुवारी १८३६ रोजी मिळालं. न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी त्याचा पहिला कारखाना उभा राहिला. तिथे बनणाऱ्या पाच बारांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस नावाची वस्तूच नव्हती. सिलिंडरची भोकं पुढून उघडी आणि मागून बंद असत. प्रत्येक भोकात पुढून मोजून दारू ओतायची, तिच्यावर शिशाची गोळी ठेवून ती दाबून बसवायची, आणि मागच्या बाजूच्या छोट्या बोंडावर तांब्याची टोपी चढवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी दारूपर्यंत जाई. गोळी मुद्दाम भोकापेक्षा किंचित मोठी घेत. ती आत दाबताना शिशाची बारीक कडी तासली जाऊन बाहेर पडे आणि गोळी भोकात घट्ट बसे. ही कडी नीट सुटली नाही, तर गोळी सैल बसली असं समजायचं.

हे सगळं पाच वेळा करायचं, तेही पॅटरसनच्या सुरुवातीच्या बंदुकांमध्ये नळी उतरवून, सिलिंडर हातात घेऊन. अंगावर शत्रू आलेला असताना हे जमणं अशक्य होतं. म्हणून कोल्टच्या पेटीत आधीच भरून ठेवायचा जादा सिलिंडर दिला जाई. टेक्सासच्या आरमारासाठी घेतलेल्या या बंदुका पुढे टेक्सास रेंजर्स या सशस्त्र दलाच्या हाती आल्या. १८४४ मध्ये कॅप्टन जॅक हेजच्या मूठभर रेंजर्सनी वॉकर्स क्रीकच्या चकमकीत कोमांची या मूळ अमेरिकी जमातीच्या घोडेस्वारांविरुद्ध त्या वापरल्या, आणि रिव्हॉल्व्हरचं नाव झालं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसरा सिलिंडर रिव्हॉल्व्हरच्या इतिहासात अगदी सुरुवातीपासून आहे, पण तेव्हा त्याचं काम फक्त वेळ वाचवण्याचं होतं. दोन्ही सिलिंडर हुबेहूब सारखे असत. पुंगळीच नसल्यामुळे मापाचा प्रश्न फक्त गोळी आणि नळी यांच्यातला होता.

कोल्टचा तो कारखाना १८४२ मध्ये बुडाला, मेक्सिकोच्या युद्धामुळे १८४७ मध्ये कोल्टचा धंदा पुन्हा उभा राहिला, आणि १८५७ मध्ये त्याच्या पेटंटची मुदत संपली. ही मुदत संपण्याची वाट दोन माणसं पाहत होती. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावचे होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन. त्यांच्या डोक्यात धातूचं छोटं काडतूस होतं: तांब्याच्या पातळ पुंगळीच्या बुडाला बाहेर वळवलेली कड, त्या कडेच्या आत स्फोटक लेप, पुंगळीत चिमूटभर दारू आणि तोंडाला गोळी. दारू, गोळी आणि टोपी असे तिन्ही जिन्नस एका घडणीत आले होते. हे काडतूस मागून आत सरकवायचं तर सिलिंडरची भोकं आरपार हवीत, आणि आरपार भोकांच्या सिलिंडरचं अमेरिकी पेटंट एका तिसऱ्याच माणसाकडे होतं.

त्याचं नाव रॉलिन व्हाइट. कोल्टच्या कारखान्यात कंत्राटाने काम केलेला हा कारागीर. ३ एप्रिल १८५५ च्या त्याच्या पेटंटात जी बंदूक रेखाटली आहे, ती इतकी गुंतागुंतीची आहे की तशी बंदूक बाजारात चालली नसती. पण त्या पसाऱ्यात एक कलम होतं, पुढून मागपर्यंत आरपार भोक असलेल्या सिलिंडरचं. युरोपात लफोशे या फ्रेंच बंदूककाराच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तसा सिलिंडर आलेलाच होता, अमेरिकेत मात्र त्या भोकाची मालकी व्हाइटची. १७ नोव्हेंबर १८५६ रोजी स्मिथ आणि वेसन यांनी त्याच्याशी करार केला. दर रिव्हॉल्व्हरमागे व्हाइटला २५ सेंट मिळायचे, आणि पेटंटावर कोणी आक्रमण केलं तर कोर्टकचेरीचा खर्च व्हाइटने स्वतः करायचा. हे दुसरं कलम स्वीकारताना त्याने नीट विचार केला नसावा, असं पुढचा इतिहास पाहून म्हणावं लागतं.

१८५७ हे साल मराठी वाचकाला काडतुसामुळेच पाठ आहे. बराकपूर आणि मेरठमध्ये शिपायांनी जे काडतूस तोंडाला लावायचं नाकारलं, ते कागदाचं होतं. चरबी लावलेला कागद दातांनी फाडून दारू नळीत ओतायची, ही त्याची पद्धत. त्याच साली स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातून फाडावं किंवा ओतावं न लागणाऱ्या धातूच्या काडतुसाचं छोटं रिव्हॉल्व्हर विक्रीला निघालं. स्मिथ अँड वेसनचं ‘मॉडेल नंबर वन’. सात बारांचं, खिशात मावणारं.

त्याचं काडतूस आपल्याला आज ‘.२२ शॉर्ट’ म्हणून माहीत आहे, आणि या लेखातला सगळा गुंता त्याच्या घडणीपासून सुरू होतो. त्या काडतुसात गोळी आणि पुंगळी यांची बाहेरची जाडी एकच ठेवली होती. गोळीचा मागचा भाग किंचित बारीक करून तो पुंगळीत खोचायचा आणि पुढचा भाग पुंगळीच्या बरोबरीने बाहेर ठेवायचा, बाटलीच्या तोंडात बूच खोचावं तसा. या घडणीचा मोठा फायदा कारखान्याला होता. सिलिंडरमध्ये सरळ, एकाच मापाचं भोक पाडलं की काम झालं. पुंगळी त्याच भोकात बसते, गोळी त्याच भोकातून पुढे सरकते. तोटा वापरणाऱ्याला होता. गोळीला लावलेलं वंगण उघडं राहतं आणि त्याला खिशातली धूळ-तंतू चिकटतात.

आता थोडं यंत्राकडे पाहू, कारण पुढची सगळी हकिगत त्यावर उभी आहे. काडतूस ज्या भोकात बसतं ते चेंबर. बार उडतो तेव्हा पुंगळीचा पातळ पत्रा आतल्या दाबाने फुगतो, चेंबरच्या भिंतीला चिकटतो आणि तापलेल्या वायूला मागे यायची वाट बंद करतो. दाब उतरला की तो थोडा आकसतो, म्हणून रिकामी पुंगळी बाहेर काढता येते. हे व्हायला दोन गोष्टी लागतात. चेंबर पुंगळीला अगदी जवळून धरणारं असलं पाहिजे, आणि काडतूस ठरलेल्या खोलीवर थांबलं पाहिजे, जास्त आत जाता कामा नये. नळीला यातलं काही कळत नाही. तिच्याकडे फक्त गोळी येते. पुंगळी सिलिंडरातच राहते. म्हणून नळी एका मापाची असूनही सिलिंडर दोन मापांचे होऊ शकतात.

स्मिथ आणि वेसन यांच्या छोट्या बंदुकीला अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मोठं केलं. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत उत्तरेच्या अनेक सैनिकांनी आणि अधिकाऱ्यांनी स्वतःच्या पैशांनी ही रिव्हॉल्व्हरं घेतली. सरकारने मात्र सैन्यासाठी मुख्यतः कोल्ट आणि रेमिंग्टनची टोपीवर चालणारीच विकत घेतली, कारण मोठ्या मापाचं, आरपार सिलिंडरचं रिव्हॉल्व्हर बनवायची मुभा व्हाइटच्या पेटंटामुळे दुसऱ्या कोणाला नव्हती. काही कारखान्यांनी तरीही बनवलं. बेकन, पाँड, मूर या कंपन्यांवर खटले झाले, आणि त्यांच्या उरलेल्या बंदुकांवर ‘स्मिथ अँड वेसनसाठी बनवलेली’ असा शिक्का मारून त्या विकल्या गेल्या. ईथन ॲलन या बंदूक-उत्पादकाविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे न्यायमूर्तींची मतं समसमान पडली, त्यामुळे खालच्या कोर्टाचा व्हाइटच्या बाजूचा निकाल कायम राहिला.

ज्यांना खटला नको होता त्यांनी पळवाटा शोधल्या. प्लँट कंपनीने असं काडतूस काढलं की ते पुढून आत सरकवायचं. सिलिंडरच्या मागच्या भिंतीला फक्त घोड्याचं टोक जाण्याइतकं भोक ठेवलं, म्हणजे ‘आरपार’ या शब्दातून सुटका. हे काडतूस इतर कुठल्याच बंदुकीत चालत नसे आणि सगळीकडे मिळतही नसे. म्हणून प्लँटच्या काही बंदुकांसोबत टोपीवर चालणारा जादा सिलिंडर दिला जाऊ लागला. काडतुसं संपली तर तो बसवा आणि जुन्या पद्धतीने दारू-गोळी भरा. दोन वेगळ्या प्रकारचा दारूगोळा चालवायला दोन वेगळे सिलिंडर, ही रीत इथे स्पष्ट दिसू लागते. तिच्यामागे लष्करी गरज कमी होती, पेटंटाची अडचण जास्त होती.

युद्ध संपलं तेव्हा देशात लाखो टोपीवाली रिव्हॉल्व्हरं पडून होती. ती टाकून द्यायची की काडतुसांसाठी बदलून घ्यायची, हा प्रश्न सैन्यालाही होता आणि गावोगावच्या माणसालाही. रेमिंग्टनने १८६८ मध्ये स्मिथ अँड वेसनला दर नगामागे रॉयल्टी देऊन परवानगी मिळवली आणि आपल्या .४४ मापाच्या लष्करी रिव्हॉल्व्हरसाठी .४६ रिमफायर, म्हणजे कडेत स्फोटक लेप असलेल्या, काडतुसाचे नवे सिलिंडर बनवले. जुना सिलिंडर सहा बारांचा होता, नवा पाच बारांचा झाला. चौकट तीच असल्यामुळे जागा तेवढीच होती, आणि कडेच्या काडतुसाला प्रत्येक भोकाभोवती जास्त जागा लागते. सहावं भोक पाडलं असतं तर कडा एकमेकींवर आल्या असत्या. अनेक गिऱ्हाइकांना जुना सिलिंडरही सोबत मिळाला. पश्चिमेकडच्या दूरच्या वस्तीत दुकानदाराकडे .४६ ची काडतुसं नसली तरी दारू, शिसं आणि टोप्या हमखास असत. रेमिंग्टनच्या चौकटीत खालची पिन पुढे ओढली की सिलिंडर बाजूने बाहेर येई, त्यामुळे ही अदलाबदल घरच्या घरी करता येई.

३ एप्रिल १८६९ रोजी व्हाइटच्या पेटंटाची मुदत संपली. मुदतवाढीसाठी त्याने अमेरिकी संसदेकडे धाव घेतली आणि तसं विधेयक मंजूरही झालं. पण ११ जानेवारी १८७० रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी ते सहीविना परत पाठवलं. ग्रँट स्वतः त्या युद्धाचे सेनापती. त्यांनी लष्कराच्या शस्त्रखात्याचे प्रमुख डायर यांच्या पत्राचा आधार घेतला. या पेटंटामुळे युद्धकाळात सरकारची पुरेशी गैरसोय झालेली आहे, आता ती वाढवू नये, असा त्याचा आशय होता. व्हाइटला रॉयल्टीतून सुमारे ७१ हजार डॉलर मिळाले होते आणि त्यातला बराच भाग खटल्यांत गेला होता. माझ्या मते ग्रँट यांचा निर्णय देशाच्या दृष्टीने योग्य होता. एका भोकावरच्या मालकीमुळे सैन्य बारा-चौदा वर्षं मागे राहावं, हे चालण्यासारखं नव्हतं. तरीही व्हाइटचं दुःख खोटं म्हणता येत नाही. आपल्या कलमावर दुसऱ्यांचं साम्राज्य उभं राहिलेलं तो पाहत होता. योगायोग असा की पेटंट संपलं त्याच १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. ‘के एफ’ हा त्याचा शिक्का पुढे पुंगळ्यांच्या बुडांवर भारतभर ओळखीचा झाला.

पेटंटाचं दार उघडल्यावर कोल्ट कंपनी घाईने आत शिरली. खुद्द सॅम्युअल कोल्ट १८६२ मध्येच वारला होता. १८७१ मध्ये चार्ल्स रिचर्ड्सच्या पेटंटानुसार जुनी टोपीवाली कोल्टं काडतुसांसाठी बदलून द्यायला सुरुवात झाली. त्यातलं ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर नावाला .३६ मापाचं होतं. त्याच्या नळीचं खरं माप .३७५ इंचाच्या आसपास. तिला चालेल अशी गोळी, आणि गोळीच्याच जाडीची पुंगळी घेतली की माप .३८ इंचाच्या जवळ येतं. म्हणून त्या काडतुसाचं नाव ‘.३८’ पडलं. पुढे गोळी पुंगळीच्या आत गेली आणि बारीक होऊन .३५७ इंचांवर आली, पण नाव बदललं नाही. आजही ‘.३८’ म्हणून जी काडतुसं विकली जातात, त्यांच्या गोळ्या .३८ इंच जाडीच्या नसतात. काडतुसाच्या नावावरून त्याचं माप ठरवू नये, असं बंदूकदुरुस्ती करणारे जाणते कारागीर बजावतात, ते यासाठीच.

गोळी आत कधी गेली? त्याचं श्रेय बरंचसं रशियाला द्यावं लागतं. स्मिथ अँड वेसनने १८७० मध्ये ‘मॉडेल थ्री’ हे मोठं रिव्हॉल्व्हर काढलं, आणि रशियन सैन्याने ते घ्यायची तयारी दाखवली. खरेदीची बोलणी करणारे जनरल गोर्लोफ यांना गोळीचा तो बारीक केलेला बुंधा आणि उघडं वंगण पसंत नव्हतं. गोळी सगळीकडून एकाच जाडीची हवी, तिचा मागचा भाग वंगणासकट पुंगळीत हवा, असा त्यांचा आग्रह. १८७१ मध्ये २० हजार रिव्हॉल्व्हरांची मागणी आली आणि ‘.४४ रशियन’ हे काडतूस जन्मलं. ते अचूक निघालं, हाताळायला स्वच्छ निघालं, आणि बघता बघता बहुतेक सगळ्या नव्या काडतुसांनी हीच घडण उचलली.

या बदलाने चेंबरचं रूप पालटलं. आधीचं सरळ भोक गेलं. आता मागचा भाग पुंगळीच्या जाडीचा, मग एक बारीक पायरी, आणि पुढचा भाग गोळीच्या जाडीचा. गोळीचं माप आणि पुंगळीचं माप एकमेकांपासून सुटले. याचा अर्थ असा की एकाच नळीतून जाणाऱ्या गोळ्या आता वेगवेगळ्या जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या पुंगळ्यांत बसवता येऊ लागल्या. इथून पुढे वाटा फुटल्या.

एक वाट समजूतदारपणाची होती. जाडी तीच ठेवायची आणि पुंगळी फक्त लांब करायची. .४४ रशियन लांबवून १९०७ मध्ये .४४ स्पेशल झालं, आणि तेच आणखी लांबवून १९५५ मध्ये .४४ मॅग्नम. .३८ स्पेशलची पुंगळी साधारण साडेतीन मिलिमीटरने लांबवून १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं. ही वाढवलेली लांबी म्हणजे मुद्दाम घातलेला अडसर आहे. जोरकस मॅग्नम काडतूस जुन्या, कमकुवत .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये पुरतं आत जात नाही. उलट .३८ स्पेशल मात्र .३५७ च्या चेंबरमध्ये बिनधोक बसतं, कारण जाडी तीच आणि ते थांबतं बुडाच्या कडेवर. या कुटुंबांना दुसरा सिलिंडर कधीच लागला नाही. दारूगोळा बदलताना पुढच्या पिढीचा इतका विचार फार कमी वेळा झालेला दिसतो.

दुसरी वाट युद्धातून आली. अमेरिकी बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगने आपोआप भरणाऱ्या पिस्तुलासाठी १९०५ मध्ये .४५ एसीपी काडतूस घडवलं. मॅगझिनमध्ये काडतुसं एकमेकांना अडू नयेत म्हणून त्याला बाहेर आलेली कड ठेवली नव्हती. बुडाशी फक्त एक खाच. हे काडतूस चेंबरमध्ये थांबतं ते तोंडाच्या काठावर, आतल्या पायरीला टेकून. ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा सैन्याचं ठरलेलं पिस्तूल ‘एम १९११’ पुरेशा संख्येत नव्हतं. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनकडे मोठ्या रिव्हॉल्व्हरांची तयार यंत्रसामग्री होती. सैन्याने सांगितलं, तुमची रिव्हॉल्व्हरं बनवा, पण काडतूस आमचंच चाललं पाहिजे. आघाडीवर दोन प्रकारचा दारूगोळा पाठवणं परवडणारं नव्हतं.

अडचण सरळ होती. रिव्हॉल्व्हरमध्ये रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी चांदणी कडेला पकडते, आणि या काडतुसाला कडच नाही. स्मिथ अँड वेसनच्या जोसेफ वेसनने पोलादी पत्र्याची अर्धचंद्राकृती पट्टी काढली. तीन काडतुसांच्या बुडाच्या खाचा तिच्यात अडकतात. दोन पट्ट्या टाकल्या की सहा बार भरले, आणि चांदणीने पट्टीच ढकलली की सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर. सैन्याच्या विनंतीवरून ही युक्ती कोल्टलाही मोकळेपणाने वापरू दिली गेली. दोन्ही कंपन्यांनी मिळून अशी तीन लाखांवर ‘एम १९१७’ रिव्हॉल्व्हरं बनवली. त्यातल्या एका फरकावरून चेंबरची गोष्ट नीट समजते. स्मिथ अँड वेसनने चेंबरमध्ये पायरी ठेवली होती, त्यामुळे पट्टी नसली तरी काडतूस योग्य खोलीवर थांबे आणि बार उडे. फक्त पुंगळी काडीने उकरून काढावी लागे. कोल्टच्या सुरुवातीच्या सिलिंडरांत भोक सरळच होतं. तिथे पट्टीशिवाय काडतूस टाकलं तर ते आत घसरे आणि घोडा हवेतच आपटे. पुढे कोल्टनेही पायरी आणली. युद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरं नागरिकांकडे आली, तेव्हा पट्ट्यांचा त्रास नको म्हणून पीटर्स कंपनीने १९२० मध्ये त्याच काडतुसाला जाड कड लावून ‘.४५ ऑटो रिम’ काढलं.

सिलिंडर न बदलता नवं काडतूस बसवण्याचा एक धोकादायक मार्गही पुढे दिसला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याची .४५५ मापाची वेब्ली रिव्हॉल्व्हरं अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. ब्रिटिश काडतुसं तिथे सहज मिळत नसत, म्हणून सिलिंडरची मागची बाजू तासून त्यात पट्टीसकट .४५ एसीपी बसवण्यात आलं. काडतूस बसलं खरं, पण वेब्ली त्याच्या दाबासाठी बनलेली नव्हती. अशा बंदुकांचे सिलिंडर फुटल्याचे प्रकार घडले आहेत. काडतूस आत जातं, एवढ्यावरून ते त्या बंदुकीचं आहे असं धरता येत नाही.

आता पुन्हा बावीसकडे. बाकी सगळ्या काडतुसांनी गोळी आत घेतली, पण सर्वांत जास्त खपणारं हे कुटुंब १८५७ च्याच घडणीवर राहिलं. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने ‘.२२ लाँग रायफल’ आणलं. ते लांब आणि अचूक होतं, पण गोळी तीच, बुंधा बारीक केलेली आणि पुंगळीच्या बरोबरीची. स्वस्त, सौम्य आणि सगळीकडे मिळणारं हे काडतूस बदलायची कोणाला गरज वाटली नाही. १८९० मध्ये विंचेस्टरने मात्र ‘डब्ल्यूआरएफ’ नावाचं .२२ काडतूस काढलं. त्यात गोळी पूर्ण आत होती, म्हणून पुंगळी जाड झाली. १९५९ मध्ये विंचेस्टरने तीच जाडी घेऊन लांब पुंगळीचं ‘.२२ मॅग्नम’ बाजारात आणलं. लाँग रायफलची पुंगळी ५.७४ मिलिमीटर जाड, मॅग्नमची ६.१५. फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी. पण मॅग्नमचं काडतूस लाँग रायफलच्या चेंबरमध्ये शिरत नाही, आणि लाँग रायफलचं मॅग्नमच्या चेंबरमध्ये शिरतं, हीच खरी भीती आहे. ते सैल बसतं. बार उडाला की पातळ पुंगळी त्या मोकळ्या जागेत फुगते, चिरते, आणि तापलेला वायू हाताच्या आणि डोळ्यांच्या दिशेने मागे येतो.

विल्यम रुगर यांनी ॲलेक्झांडर स्टर्म यांच्या जोडीने १९४९ मध्ये कनेटिकटमधल्या साउथपोर्टला कारखाना सुरू केला होता. स्टर्म १९५१ मध्येच वारले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर कोल्टने आपलं १८७३ चं प्रसिद्ध ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ बनवणं थांबवलं होतं, आणि युद्धानंतर अमेरिकी घराघरांत टीव्हीवर काउबॉय धुमाकूळ घालू लागले. रुगर यांनी ही हवा ओळखली. १९५३ मध्ये त्याच चेहऱ्याचं, पण .२२ चं ‘सिंगल-सिक्स’ आलं. मॅग्नम काडतूस आल्यावर काही वर्षांतच, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, दोन सिलिंडरांचं कन्व्हर्टिबल विक्रीला आलं. सरावासाठी स्वस्त लाँग रायफल, रानात शिकारीसाठी मॅग्नम. हीच रीत पुढे मोठ्या ‘ब्लॅकहॉक’मध्ये गेली. १९६७ मध्ये .३५७ मॅग्नमसोबत ९ मिलिमीटरचा सिलिंडर, १९७१ मध्ये .४५ कोल्ट या काडतुसाच्या सिलिंडरसोबत .४५ एसीपीचा. ९ मिलिमीटरची पुंगळी आखूड आणि बुडाशी जाड, ती .३५७ च्या चेंबरमध्ये जातच नाही. .४५ एसीपी उलट .४५ कोल्टच्या लांब चेंबरमध्ये खोल पडतं. गोळ्यांच्या जाडीत जो फरक उरतो, तो ९ मिलिमीटर आणि .३५७ मध्ये मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा आहे. नळी तो सोसते. अचूकतेत थोडी घट होते, धोका नसतो.

ही अदलाबदल रुगरला जमली, कारण जुन्या कोल्ट-रेमिंग्टनप्रमाणे तिथे सिलिंडर एका पिनवर फिरतो. बाजूचं झाकण उघडायचं, बंदूक रिकामी असल्याची खात्री करायची, पिन पुढे ओढायची, सिलिंडर उजवीकडे हातात येतो. ज्या रिव्हॉल्व्हरांचा सिलिंडर बिजागरीसारख्या दांड्यावर डावीकडे उघडतो, त्यांच्यात पुंगळ्या ढकलणारी चांदणीही सिलिंडरमध्येच असते. तिथे बदल करायचा तर कुशल कारागिराचं काम पडतं.

रुगरचेही सिलिंडर मात्र कोणत्याही बंदुकीत चालत नाहीत. सिलिंडर आणि नळी यांच्यात साधारण एक ते दोन दशांश मिलिमीटर एवढी फट ठेवतात. मागचे दाते असे घासलेले असतात की प्रत्येक वेळी चेंबर नळीच्या नेमकं समोर थांबावं. हे माप प्रत्येक चौकटीला वेगळं लागू पडतं, म्हणून कारखान्यात जादा सिलिंडर त्या त्या बंदुकीत बसवून तपासतात आणि त्याच्यावर तिच्या अनुक्रमांकाचे शेवटचे तीन आकडे कोरतात. जुन्या बाजारात असं रिव्हॉल्व्हर पाहताना जाणकार आधी हे तीन आकडे जुळतात का ते बघतात. ते जुळले नाहीत, तर कुशल बंदूक-कारागिराने तपासून दिल्याशिवाय त्या सिलिंडरमधून एकही बार उडवू नये.